व्हॉलीबॉलचे वर्ष एप्रिलपासून मोजा

वाचकाचे पत्र : आमचे तरुण मंडळ सोलापूरच्या पूर्व भागात आहे. दोन वर्षांपासून आम्ही एका शाळेच्या मैदानावर संध्याकाळी व्हॉलीबॉल शिकवतो. अकरा ते सतरा वयाची सुमारे तीस मुले-मुली येतात आणि शिकवणारे आम्ही तिघे जुने खेळाडू आहोत. माझा चुलतभाऊ अमेरिकेत टेक्सासला असतो आणि त्याची मुलगी तिथल्या क्लबकडून खेळते. त्याने त्यांचे वेळापत्रक पाठवले आहे : नोव्हेंबरमध्ये निवड चाचणी, डिसेंबरपासून सराव, जानेवारी ते मे स्पर्धा आणि वर्षाचे शुल्क निवडीच्या वेळीच ठरलेले. आमच्याकडे मात्र सगळाच विस्कळीतपणा आहे. ऑगस्टमध्ये मुले शाळेच्या संघात जातात, गणपतीत लेझीमच्या सरावाला जातात, जानेवारी संपली की दहावीचे पालक मुलांना थांबवतात आणि बाकीचे पालक विचारतात की महिन्याचे पैसे कशाचे घेता. आम्ही भावाच्या क्लबसारखी आखणी करावी का? नाही तर वर्ष कसे बांधावे? – मंडळाचा कार्यवाह, सोलापूर

कार्यवाह महोदय, सप्रेम नमस्कार.

आपल्या बंधूंनी पाठवलेले वेळापत्रक नीटनेटके आहे यात शंका नाही, परंतु ते ज्या कारणांमुळे तसे झाले आहे ती कारणे सोलापुरात नाहीत. अमेरिकेत मुलींचा शालेय व्हॉलीबॉलचा हंगाम साधारणपणे ऑगस्टमध्ये सुरू होऊन नोव्हेंबरपर्यंत आटोपतो, आणि शाळेकडून मोकळ्या झालेल्या मुलींना घेऊन क्लबचा हंगाम त्यानंतर उभा राहतो, तो जून-जुलैमधील राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत चालतो. सराव आणि सामने बंदिस्त सभागृहात होत असल्यामुळे ऊन, पाऊस आणि अंधार यांचा हिशेब त्यांना करावाच लागत नाही. आपल्याकडेही शालेय स्पर्धा पावसाळ्यात सुरू होऊन हिवाळ्यापर्यंत चालतात, इतपत साम्य आहे. पुढे मात्र वाटा वेगळ्या होतात, कारण त्यांच्या क्लबच्या ऐन हंगामात आपल्याकडे आधी बारावी-दहावीच्या परीक्षा येतात आणि त्या संपतात न संपतात तोच पारा चाळीस अंशांच्या पुढे गेलेला असतो. नोव्हेंबरमध्ये निवडलेला संघ मेपर्यंत खेळवण्याचा बेत आपण केलात, तर तो फेब्रुवारीचा पहिला आठवडाही ओलांडणार नाही.

त्या वेळापत्रकातून एक गोष्ट मात्र जरूर घ्यावी. तिथला क्लब पैसे घेण्याआधी हंगाम म्हणजे नेमके काय, हे पालकांना लेखी सांगतो : सराव किती दिवस, सामने साधारण किती, गणवेशात काय मिळणार, प्रवासखर्च कोणाचा, मूल मध्येच थांबले तर शुल्काचे काय. ‘महिन्याचे पैसे कशाचे’ असा प्रश्न आपले पालक विचारतात, तो कंजूषपणाने विचारत नाहीत. त्यांच्यासमोर वर्षाचा कागद कधी ठेवलेलाच नाही म्हणून ते विचारतात. यंत्रमागावर किंवा विडी कारखान्यात काम करणाऱ्या घराला दर महिन्याच्या रकमेमागे काय आहे हे कळले पाहिजे, आणि तसे कळले की ती रक्कम देण्यात अशी घरे सहसा मागे राहत नाहीत, असे माझे मत आहे.

आता आखणीकडे वळतो. आपले वर्ष एप्रिलमध्ये सुरू करा आणि मार्चमध्ये संपवा. एक मोठा कागद घेऊन त्यावर आधी क्लबचे काहीही न लिहिता तीनच गोष्टी लिहा : परीक्षा, शालेय स्पर्धांचा काळ आणि सण. या तिन्हींवर आपले काही चालत नाही, म्हणून त्या आधी. त्यानंतर जी जागा मोकळी राहील ती क्लबची. आपल्याला आज जो विस्कळीतपणा वाटतो आहे तो बहुतांशी या तीन गोष्टींशी भांडल्यामुळे आलेला आहे.

यातील शालेय स्पर्धांबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण क्लब चालवणाऱ्यांचे सर्वाधिक गैरसमज इथेच होतात. क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या शालेय स्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील अशा तीन वयोगटांत मुले आणि मुलींसाठी वेगवेगळ्या होतात. तालुका किंवा महानगरपालिका क्षेत्र, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय असा त्यांचा चढता क्रम असतो. या स्पर्धेत क्लबचा संघ उतरू शकत नाही, शाळेचाच उतरतो. म्हणजे आपल्याकडे वर्षभर एकत्र सराव केलेली बारा मुले पाच शाळांतील असतील, तर ऑगस्टमध्ये ती पाच संघांत वाटली जातात आणि त्यांतली काही एकमेकांविरुद्धही उभी राहतात. चेंडू उचलून देणारा आपला लिफ्टर एका शाळेत आणि तो जाळीपलीकडे जोरात मारणारा आपला स्मॅशर दुसऱ्या शाळेत, असे झाले की क्लबच्या प्रशिक्षकाला आपले घडवलेले कोणीतरी मोडून नेले असे वाटू लागते. ते वाटणे स्वाभाविक असले तरी निरर्थक आहे, कारण दहावी-बारावीला मिळणारे सवलतीचे क्रीडा गुण आणि पुढे खेळाडूंच्या आरक्षणाचा दावा ज्या प्रमाणपत्रांवर उभा राहतो, ती मान्यताप्राप्त स्पर्धांचीच लागतात. एखाद्या मंडळाने भरवलेल्या चषकाचे प्रमाणपत्र कितीही मोठे आणि रंगीत असले तरी तिथे उपयोगी पडत नाही. पालकसभेत ही गोष्ट स्पष्ट सांगा, कारण अनेक घरांत रंगीत प्रमाणपत्रे फायलीत जपून ठेवलेली असतात आणि ती कामाची नाहीत हे दहावीच्या वर्षी कळते.

म्हणून जुलैच्या आरंभी एक काम न चुकता करा. आपली मुले ज्या ज्या शाळांत शिकतात तिथल्या क्रीडाशिक्षकांना प्रत्यक्ष जाऊन भेटा आणि त्यांच्या शाळेची कोणती मुले आपल्याकडे येतात, कोणत्या जागेवर खेळतात, कोणाचा गुडघा किंवा खांदा दुखतो आहे, याची यादी त्यांच्या हाती द्या. शालेय स्पर्धेच्या दिवसांत मुले पूर्णपणे त्यांची, हेही सांगून टाका. एवढे केले की बहुतेक शिक्षक आपण होऊन तारखा कळवतात, आणि या तारखांची आपल्याला फार गरज असते, कारण त्या ऐन वेळी बदलतात. पावसाने मैदान गेले, परीक्षा मध्ये आली, पंचांची अडचण झाली की दोन दिवसांच्या सूचनेवर सामने पुढे-मागे होतात. अशा काळात क्लबने स्वतःचे सामने ठेवूच नयेत.

जिल्हा व्हॉलीबॉल संघटनेच्या निवड चाचण्या हा याहून वेगळा मार्ग आहे. तिथून जिल्ह्याचा संघ निवडला जाऊन राज्य संघटनेच्या स्पर्धेला जातो. संघटनेचे वयोगट शालेय गटांशी जुळतीलच असे नाही आणि चाचण्यांच्या तारखाही दरवर्षी बदलतात, त्यामुळे प्रत्येक मुलाचा जन्मदाखला, आधार कार्डाची प्रत, शाळेचा बोनाफाईड दाखला आणि छायाचित्रे एका पाकिटात तयार ठेवणे एवढेच आपल्या हातात असते. वयाची कटऑफ तारीख त्या त्या परिपत्रकात पाहावी, तोंडी ऐकू नये. जन्मदाखल्यावर आणि शाळेच्या दाखल्यावर तारीख वेगळी असेल तर ती दुरुस्ती जूनमध्येच सुरू करायला सांगा, कारण चाचणीच्या सकाळी त्या कागदाचे काहीही होऊ शकत नाही.

आता वर्षाची सुरुवात. पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये संपत आल्या की पालकसभा घ्या आणि नवीन मुलांची नोंदणी करा. मे महिना नवशिक्यांचा. पहाटे सहा ते आठ एवढीच वेळ ठेवा. सोलापूरच्या मेमध्ये साडेआठनंतर उघड्या मैदानावर मुले उभी करणे हा शुद्ध अविचार आहे आणि संध्याकाळीही जमीन सात वाजेपर्यंत तापलेलीच असते. अमेरिकेतल्यासारखी निवड चाचणी घेऊन मुले परत पाठवण्याचा विचार आपल्या मनात असेल तर तो सोडून द्या. अकरा-बारा वर्षांच्या मुलाची आजची उंची आणि आजची उडी यावरून त्याच्या सोळाव्या वर्षाबद्दल काहीच सांगता येत नाही, आणि एकदा ‘नापास’ होऊन घरी गेलेला मुलगा पुन्हा मैदानावर येत नाही.

तीस मुले आणि एकच मैदान ही आपली खरी अडचण आहे, कारण पूर्ण मैदानावर एका वेळी बाराच खेळतात आणि अठरा जण कडेला बसतात. त्यावर उपाय असा. नेहमीची जाळी काढा. अठरा मीटर लांब आणि नऊ मीटर रुंद मैदानाच्या लांबीच्या मध्यावरून, म्हणजे नेहमीच्या जाळीच्या काटकोनात, एक जाड दोर ताणा. दोराच्या दोन्ही बाजूंना साडेचार मीटर खोलीची पट्टी मिळते. त्या पट्टीचे फक्कीने सहा-सहा मीटरचे तीन भाग करा. आता आपल्याकडे एकाऐवजी तीन छोटी मैदाने झाली. प्रत्येक बाजूला चार मुले उभी केली तर चोवीस मुले एकाच वेळी खेळतात, आणि उरलेली सहा सर्व्हिसचा सराव भिंतीवर करू शकतात. दोर मुलांच्या उंचीप्रमाणे वर-खाली करता येतो, त्यावर जुन्या साडीच्या चिंध्या बांधल्या की तो लांबूनही दिसतो. मे आणि जूनमध्ये नवशिक्यांना पूर्ण मैदान दाखवूच नका. लहान मैदानावर चेंडू हाताला सारखा लागतो, आणि चेंडू लागल्याशिवाय हात तयार होत नाही.

पंधरा जूनला शाळा सुरू होतात. त्याच्या आगेमागे एक आठवडा सराव पूर्ण बंद ठेवा आणि त्या आठवड्यात मुलांचे गट पाडा. चौदाखालील आणि सतराखालील असे दोन गट पुरेत. पुरुषांची जाळी २.४३ मीटर आणि महिलांची २.२४ मीटर उंचीची असते, परंतु लहान गटासाठी परिपत्रकात दिलेली उंची वेगळी असू शकते, तेव्हा तीच लावा. उंची मोजताना काठी मध्यभागी धरा आणि मग दोन्ही कडांच्या रेषांवर मोजा. कडा मध्यापेक्षा दोन सेंटिमीटरहून अधिक उंच असता कामा नयेत, आणि दोन्ही कडांची उंची सारखी हवी. आपल्याकडच्या बहुतेक मैदानांवर वरची तार सैल असते, जाळी मध्ये पोट काढून लोंबते आणि मुलांना खोट्या उंचीची सवय लागते. मग जिल्ह्याच्या मैदानावर ताणलेली जाळी समोर आली की नेहमीचे स्मॅश जाळीत जातात आणि मुले गोंधळतात.

जुलै ते सप्टेंबर हा कसून सरावाचा काळ. आठवड्यातून चार दिवस, रोज दीड तास, याहून जास्त नको. सर्व्हिस, पास आणि लिफ्ट यांना दोन तृतीयांश वेळ द्या. मुलांना स्मॅशच मारायचा असतो, आणि त्यांचे मन राखण्यासाठी प्रशिक्षकही अर्धा तास स्मॅशच्या रांगा लावतो. परंतु चौदाखालील गटाचे सामने बहुधा सर्व्हिस आणि पहिला पास यांवरच सुटतात. उड्यांची संख्याही आवरती ठेवा. वाढीच्या वयात गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाशी दुखू लागते, ते सततच्या उड्यांनी बळावते. अशा मुलाला ‘सहन कर’ म्हणू नका. त्याच्या उड्या थांबवा, पासचा सराव चालू ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

सोलापूरचा पाऊस इतरत्र असतो तसा जून-जुलैत भरून येत नाही. त्याचा खरा जोर सप्टेंबरात असतो, आणि नेमके तेव्हाच शालेय सामने रंगात आलेले असतात. काळ्या मातीवर पाणी साचले की चार दिवस पाय रुततो, म्हणून मैदानावर मुरूम हवाच, आणि मुरूम एप्रिलमध्ये टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून पक्का केलेला हवा. पाण्याचा प्रश्न आपण जाणताच. नळाला रोज पाणी न येणाऱ्या शहरात मैदानावर पाणी मारताना शेजारच्या घरांचे डोळे आपल्याकडे असतात. शाळेत बोअर असेल तर त्याच्या वापराबद्दल मुख्याध्यापकांकडून लेखी परवानगी घ्या, नसेल तर एका टँकरचा खर्च एप्रिलच्या अंदाजपत्रकात धरा. मुरमावर चेंडूचे कातडे लवकर सोलवटते, यासाठी सरावाला मोल्डेड रबरी चेंडू वापरा आणि सामन्याचे दोन चांगले चेंडू कपाटात कुलपात ठेवा. ते सामन्याच्या आधीच्या आठवड्यात बाहेर काढावेत, म्हणजे हाताला त्यांची सवय होते. चेंडूचे वजन २६० ते २८० ग्रॅम असावे लागते. हवा मोजायला साधा गेज मिळतो, तो घ्या. अंगठ्याने दाबून हवा ठरवण्याची आपली जुनी पद्धत आता पुरे झाली.

गणपतीत मुले लेझीमकडे जातात, अशी आपली तक्रार आहे. माझी आपणास विनंती आहे की या तक्रारीवर पाणी सोडावे. सोलापुरात गणेशोत्सवाच्या आधी तीन-चार आठवडे संध्याकाळी प्रत्येक गल्लीत लेझीमचा सराव चालतो, आपले स्वतःचे मंडळही बहुधा त्यात असणार, आणि त्या मुलांना व्हॉलीबॉलसाठी थांबवणे कोणालाही जमलेले नाही. त्याऐवजी त्या काळात सराव आठवड्यातून दोन दिवसांवर आणा आणि वेळ सकाळची करा. एक आडून मिळणारा फायदाही सांगतो : दोन तास लेझीम खेळणाऱ्या मुलाच्या पायांत आणि दमात जे येते ते आपल्या धावण्याच्या फेऱ्यांनी येत नाही. मात्र ज्यांचे शालेय सामने तोंडावर आहेत त्यांनी रात्री उशिरापर्यंत लेझीम खेळून सकाळी मैदानावर येऊ नये, इतके बंधन घाला.

बंधूंच्या देशातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही वाढत्या वयाच्या खेळाडूंना आठवड्यातून किमान एक दिवस सुट्टी आणि वर्षाकाठी त्यांच्या मुख्य खेळापासून एकूण तीन महिने विश्रांती, तीही एकेक महिन्याच्या टप्प्यांत, अशी शिफारस केलेली आहे. आपल्याकडे सण आणि परीक्षा ही विश्रांती विनासायास देतात. तिला विस्कळीतपणा न म्हणता कागदावर ‘विश्रांती’ असे लिहा, म्हणजे पालकांनाही सराव का बंद आहे हे आधीच कळेल.

सहामाही परीक्षा आणि दिवाळी झाली की आपला खरा हंगाम सुरू होतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत सोलापूरची हवा खेळायला उत्तम असते, शालेय स्पर्धेतून बाहेर पडलेली मुले परत आलेली असतात आणि जी पुढच्या फेरीत गेली आहेत त्यांना सामन्यांची भूक असते. या दहा-अकरा आठवड्यांत आपण स्पर्धा भरवू नका. स्पर्धा म्हणजे मांडव, पाहुणे, स्मृतिचिन्हे, ध्वनिक्षेपक आणि पहिल्याच सामन्यात हरून दुपारी घरी जाणारे निम्मे संघ. त्याऐवजी बार्शी, मोहोळ, पंढरपूर, अक्कलकोट अशा ठिकाणच्या तीन-चार मंडळांशी बोलून रविवारची साखळी ठरवा : प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा घरच्या आणि एकदा बाहेरच्या मैदानावर खेळायचे. चार मंडळे असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला सहा सामने येतात, आणि एवढे सामने चषकाच्या वर्षभराच्या धावपळीतही मिळत नाहीत. खर्च एसटीच्या भाड्याचा आणि नाश्त्याचा. पाहुण्या संघाला यजमानांनी जेवू घालावे, कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि उसळ एवढ्यावर मुले खूश असतात.

या साखळीत नियम पूर्ण लावा, म्हणजे पंचवीस गुणांचा सेट, दोन गुणांची आघाडी, निर्णायक सेट पंधराचा आणि सर्व्हिसला शिट्टीनंतर आठ सेकंद. गुणफलक, रेषा आणि गुणपत्रिका यांची कामे बाहेर बसलेल्या मुलांकडे द्या. गुणपत्रिका भरणाऱ्या मुलाला रोटेशन, म्हणजे खेळाडूंनी जागा बदलण्याचा क्रम, जितके पक्के कळते तितके फळ्यावर शिकवून कळत नाही. चौदाखालील गटात प्रत्येक मुलगा किमान एक पूर्ण सेट खेळेल, असा नियम आपापसांत आधीच ठरवा आणि तो हरत असतानाही पाळा. सतराखालील गटात तसे बंधन नको. तिथे कोण का खेळतो हे प्रशिक्षकाने मुलाला स्वतः सांगावे, पालकांनी विचारेपर्यंत थांबू नये.

जानेवारीच्या मध्यावर सिद्धेश्वरांची यात्रा येते. नंदीध्वजांच्या मिरवणुकांचे दिवस आणि नंतर गड्ड्याच्या, म्हणजे यात्रेतल्या जत्रेच्या, गर्दीमुळे शहरात ये-जा अवघड होते, तेव्हा संक्रांतीच्या आठवड्यात बाहेरगावचा संघ बोलावू नका. शाळांची स्नेहसंमेलनेही डिसेंबर-जानेवारीत असतात, त्यांच्या तारखा मुलांकडून आधीच घ्या.

आता दहावी-बारावीची मुले. जानेवारीअखेर त्यांना आपणच सन्मानाने मोकळे करा. पालकांनी मूल काढून नेण्यापूर्वी प्रशिक्षकाने ‘आता अभ्यास, एप्रिलमध्ये भेटू’ असे म्हटले तर तेच पालक पुढच्या वर्षी धाकट्यालाही पाठवतात. ज्या मुलांना घरून परवानगी आहे त्यांच्यासाठी रविवारी सकाळी एक तास मैदान खुले ठेवावे, हजेरी नको, शिकवणे नको. बाकीच्यांचा सराव फेब्रुवारीत आठवड्याला दोन दिवस, आणि मार्चमध्ये बंद. मार्चमध्ये मैदानाची डागडुजी, जाळीची शिवण आणि हिशेब.

हिशेबाबद्दल. महिन्याची वर्गणी बंद करून वर्षाचे तीन हप्ते करा : एप्रिल-मे, जुलै ते सप्टेंबर आणि नोव्हेंबर ते जानेवारी. विश्रांतीच्या काळाचे पैसे घेऊ नका, म्हणजे सराव बंद असतानाही पैसे का, हा प्रश्नच उरणार नाही. प्रत्येक हप्त्याच्या आधी अपेक्षित खर्च आणि नंतर झालेला खर्च, असे दोन कागद मैदानावरच्या फलकावर लावा : चेंडू, मुरूम, टँकर, प्रवास, पंचांचे मानधन, प्रथमोपचार. ज्यांना हप्ता जड जातो त्यांच्यासाठी सवलत असावी, पण तिचा निर्णय तिघांनीच घ्यावा आणि त्या मुलाचे नाव फलकावर किंवा बैठकीत येऊ नये. व्हॉलीबॉलचे पैसे आणि गणपतीची वर्गणी यांची पावतीपुस्तके, खाती आणि शक्य असल्यास खजिनदारही वेगवेगळे ठेवा. मंडळांमध्ये भांडणे जिथून सुरू होतात ती जागा हीच आहे.

मुलींच्या बाबतीत दोन-तीन गोष्टींवर तडजोड नको. त्यांचा सराव अंधार पडण्याआधी संपावा, मैदानाजवळ वापरता येईल असे स्वच्छतागृह उघडे असावे, आणि प्रत्येक सरावाला व प्रवासाला एक महिला प्रशिक्षक किंवा आई हजर असावी. तिघे पुरुष प्रशिक्षक असलेल्या क्लबला हे सहज जमणार नाही, तेव्हा आपल्याच जुन्या खेळाडूंपैकी किंवा महाविद्यालयातील एखाद्या खेळाडू मुलीला मानधन देऊन सोबत घ्या. बाहेरगावी नेताना प्रत्येक मुला-मुलीच्या पालकांची लेखी संमती घ्यावी.

यात्रा-जत्रांमधल्या रोख बक्षिसांच्या रात्रीच्या सामन्यांबद्दल आपण विचारलेले नाही, पण चैत्र-वैशाखात आपल्या सोळा-सतरा वर्षांच्या स्मॅशरला गावोगावची बोलावणी येतील म्हणून लिहितो. तिथे प्रौढ खेळाडूंबरोबर, अपुऱ्या दिव्यांत, एका रात्रीत चार-पाच सामने खेळावे लागतात. अठरा वर्षांखालील मुलाला पाठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मोठ्यांनी जावे की नाही हे त्यांनी ठरवावे, मात्र क्लबच्या नावाने जाऊ नये.

शेवटी नोंदणी. मंडळ अद्याप नोंदलेले नसेल तर संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० यांखाली ती धर्मादाय आयुक्तांच्या स्थानिक कार्यालयात करून घ्यावी. संस्थेसाठी किमान सात सभासद लागतात. नोंदणीनंतर बँकेत स्वतंत्र खाते उघडता येते, दरवर्षी लेखापरीक्षण करावे लागते, आणि जिल्हा संघटनेकडे संलग्नतेसाठी अर्ज करताना हीच कागदपत्रे पुढे करावी लागतात. तिघांपैकी एकाने पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करावा असेही सुचवतो. मात्र तो उन्हाळ्याच्या आसपास येत असेल तर मेच्या शिबिराची जबाबदारी उरलेल्या दोघांनी कशी वाटून घ्यायची, हे एप्रिलच्या सभेआधी ठरवून ठेवा.